उजव्या दोरीची गाठ

ती घटना आठवली की मला आधी माणसे आठवत नाहीत, एक गाठ आठवते. ज्वारीच्या दाण्याएवढी, पांढऱ्या इलॅस्टिकच्या दोरीला मारलेली, मास्कच्या उजव्या बाजूची. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर मोजलेच नाहीत. त्यांतले काही लिहावे असे कधी वाटले नाही. पंचनामे आणि दोषारोपपत्रे सोडली तर निवृत्त होईपर्यंत मी काही लिहिलेलेच नव्हते, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की मी खुर्ची मागे ओढून बसणारा माणूस. तरी हे प्रकरण लिहून ठेवणे मला भाग वाटते. त्यात एका बाईला खोटे पाडण्याचा प्रयत्न झाला. तिने एकदाही मान खाली घातली नाही, आणि ती घालावी अशी अपेक्षा करणाऱ्यांत थोडा वेळ का होईना, मीही होतो. नाव कोणाचेच देणार नाही.

करोनाची दुसरी लाट ओसरत होती. मी मावळातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. लोणावळ्याला येऊ नका असे कितीही सांगितले तरी शनिवार-रविवारी गाड्या यायच्याच. त्यामुळे कार्ल्याच्या फाट्यावर आमची नाकाबंदी असे. मास्क नसलेल्याची गाडी बाजूला घ्यायची, पावती फाडायची आणि समज देऊन परत पाठवायचे. लोखंडी अडथळ्यापासून वीस पावलांवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची छत्री होती. त्याला सगळे आबा म्हणत. भातशेती सांभाळून तो एरवी तिथे काकड्या आणि मक्याची कणसे विकायचा. गिऱ्हाईक तुटल्यावर त्याने त्याच छत्रीखाली मास्क मांडले. आमची त्यात सोयच होती. पावती दिली की आमचा शिपाई बोटाने छत्रीकडे दाखवी, माणूस मास्क घेई, तोंडाला लावी आणि गाडी पुढे जाई. मुख्यालयातून येणारा पुरवठा लांबला, तेव्हा ठाण्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी दोन खोकी मीच आबाकडून मागवली. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

त्या महिन्यात फाट्यावर सगळ्यांची तोंडे किंचित तिरकी दिसत. आबाचा मास्क उजव्या बाजूला ओढला जाई, कारण त्या बाजूची दोरी आखूड होती आणि तिला मधोमध गाठ होती. कोणी विचारले की आबा सांगे, "सेकंडचा माल हाय, म्हनून स्वस्त." तळेगाव-चाकणच्या पट्ट्यात या एका शब्दापुढे कोणी प्रश्न विचारत नाही. कारखान्यात किंचित खोट राहिलेला माल बाहेर विकतात त्याला आमच्याकडे सेकंड म्हणतात. सेकंडच्या बादल्या, सेकंडचे पत्रे, सेकंडच्या चादरी घराघरांत असतात. ठाण्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्याही सेकंडच्याच होत्या आणि त्यांतली एक जरा कलती होती. तशा खुर्चीत बसण्याची सवय झालेल्या माणसाला तिरका मास्कही चालतो. मलाही चालला.

चालला नाही तो माझ्या हवालदाराला. निवृत्तीला सहा महिने उरलेला हा माणूस मावळातलाच, भाताच्या खाचरात वाढलेला. एका रविवारी नाकाबंदीवर त्याने स्वतःचा मास्क उतरवून माझ्यासमोर धरला.

"साहेब, सेकंडच्या मालाला खोट असती, कबूल. पन समद्या मालाला एकाच जागी?"

यंत्रात बिघाड असेल, असे मी म्हणालो.

"मशीनला गाठ मारता येती व्हय?"

गाड्यांची रांग लागली होती. बघू, असे म्हणून मी विषय पुढे ढकलला. आमच्या खात्यात पुढे ढकललेल्या गोष्टी बहुतेक वेळा परत येत नाहीत. ही दुसऱ्याच दिवशी परत आली.

सोमवारी सकाळी एका खासगी रुग्णालयाचा व्यवस्थापक ठाण्यात आला. आमच्या हद्दीत महामार्गालगत हे रुग्णालय होते आणि त्यात करोनाचा विभाग चालू होता. त्याच्या हातात टंकलिखित तक्रार होती, सोबत एका प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी कात्री. विभागातली एक सफाई कामगार वापरलेले मास्क आणि अंगरखे पिवळ्या पिशव्यांतून काढून बाहेर विकते, तिच्या पिशवीत ही कात्री सापडली, ती हिनेच पिशव्या फोडते, असा तक्रारीचा आशय होता. दवाखान्यातला जंतूबाधित कचरा पिवळ्या पिशवीत बांधतात आणि बंद गाडीने जाळण्यासाठी पाठवतात, एवढे मला माहीत होते. मी गुन्हा नोंदवायला घेतो म्हटल्यावर तो घाईने म्हणाला, गुन्हा नको, सर. नुसती समज द्या. तिने माफीनामा लिहून दिला की आम्ही तिला कामावरून कमी करू, विषय संपला. माफीनामाही तो टंकित करूनच घेऊन आला होता. खाली फक्त सहीची जागा मोकळी होती.

इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आले आहे. ज्याचे खरोखर काही चोरीला जाते तो आधी वस्तूबद्दल बोलतो. ज्याला कोणाला तरी अडकवायचे असते तो आधी माणसाबद्दल बोलतो. व्यवस्थापक दहा मिनिटे बोलला आणि सगळे त्या बाईबद्दलच बोलला. "सर, या लोकांना कचऱ्यातही कमाई दिसते," हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले. 'या लोकांना' म्हणजे कोणाला हे त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या वेळी विचारायला हवे होते.

बाईंना बोलावणे पाठवले. पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, केस घट्ट बांधलेल्या. कार्ल्याजवळच्या एका गावातल्या बौद्ध कुटुंबातल्या. त्यांचे यजमान कारखान्यात कंत्राटावर होते. दारात त्यांनी चप्पल काढली नाही, हे व्यवस्थापकाला खटकलेले दिसले. बसा म्हटल्यावर त्या त्या कलत्या खुर्चीत सरळ बसल्या. मी त्यांना तक्रार वाचून दाखवली. मग माफीनामा पुढे सरकवला आणि, आता लिहिताना संकोच वाटतो, समजुतीच्या सुरात म्हणालो की ताई, सही केलीत तर प्रकरण इथेच मिटेल, गुन्हा नाही, कोर्ट नाही. मला वाटले मी त्यांच्यावर उपकार करतो आहे.

त्यांनी कागद वाचला. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. मग तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"सही न्हाई करनार. ह्यात लिवलंय माझी चूक झाली. चूक झाली असती तर मी सोताच बोलले असते."

व्यवस्थापक हसला. कात्री तुझीच ना, असे त्याने एकेरीत विचारले.

"व्हय, माझीच. घरची हाय. दवाखान्यानं दिली न्हाई म्हनून घरनं आनली."

कशासाठी, असे मी विचारले. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे. लाट सुरू झाली तेव्हा बाहेरून एक डॉक्टरबाई सफाई कामगारांना शिकवायला आल्या होत्या. वापरलेला मास्क तसाच टाकायचा नाही, त्याला पुढून हात लावायचा नाही, दोरीला धरूनच काढायचा, आणि पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी कापायचा, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या तोंडावर जाणार नाही, असे त्यांनी बजावले होते. बाकीच्या कामगारांनी चार दिवस ऐकले आणि सोडून दिले. यांनी सोडले नाही. शिफ्ट संपली की मागच्या बाजूला हातमोजे घालून त्या बसायच्या आणि विभागातला प्रत्येक मास्क कापून मगच पिशवी बांधायच्या.

"दाखवा," मी म्हणालो.

माझ्या टेबलावर आबाकडून आणलेल्या खोक्यात चार-पाच मास्क उरले होते. बाईंनी हात पुढे केला, एक उचलला, कात्रीसाठी व्यवस्थापकाकडे पाहिले आणि थांबल्या. उजव्या दोरीची गाठ त्यांनी अंगठ्याने चाचपली. खोक्यातला दुसरा काढला, तिसरा काढला. मग माझ्याकडे पाहिले. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

"साहेब, ह्यो मी कापलेला हाय. तुमच्या तोंडावरचा बी."

बाई सोडून खोलीत आम्ही पाच जण होतो. हवालदार, लेखनिक, दारावरचा शिपाई, तो व्यवस्थापक आणि मी. आमच्या चौघांची तोंडे एकाच बाजूला तिरकी होती. व्यवस्थापकाचा मास्क तेवढा सरळ होता.

शिपायाने पहिल्यांदा मास्क ओढून काढला, मग आम्ही सगळ्यांनी. पुढून धरून, घाईघाईने, आणि चहाच्या कपांच्या बादलीत टाकायला लागलो. बाई उठून उभ्या राहिल्या. थांबा, असे त्या इतक्या जरबेने म्हणाल्या की माझा हात हवेतच राहिला. "पुढनं धरू नका. दोरीला धरा. आन् त्या बादलीत न्हाई." त्यांनी लेखनिकाकडून कागदी पिशवी मागून घेतली, आम्हाला एकेकाला त्यात मास्क सोडायला लावला, हात धुवायला पाठवले आणि पिशवीचे तोंड दुमडून बंद केले. घरचे असते तर तीन दिवस तसेच ठेवून मग कापून टाकले असते, पण हा तुमचा पुरावा आहे, म्हणून कापत नाही, असेही म्हणाल्या. हात धुऊन परत येताना मला खिडकीतून ठाण्याची मागची बाजू दिसली. आमचेच निळे मास्क बोरीच्या झुडपांना अडकले होते आणि एक कुत्रे त्यांतला एक ओढत होते. माझी नजर कुठे गेली ते बाईंनी पाहिले.

"चोर कुटं हाय ते तुमी हुडका, साहेब. पन ही बादली तुमचीच हाय."

हवालदार खाली मान घालून हसला. मला हसू आले नाही.

मग मी जबाब घ्यायला बसलो, व्यवस्थापकाला बाहेर बसवून. या वेळी मी मोजकेच प्रश्न विचारले. एकच दोरी का कापायची, पूर्ण मास्क का नाही? इथे त्या पहिल्यांदा अडखळल्या. आधी त्या मधोमधच कापत होत्या. व्यवस्थापकाने सांगितले की इतका वेळ घालवू नकोस, एक दोरी कापली तरी मास्क निकामीच होतो. त्यांना पटले नव्हते, तरी ऐकले, आणि प्रत्येक मास्कची उजवी दोरी तेवढी मधोमध कापू लागल्या. "तितं मी चुकले. तेवढं लिवा," असे त्यांनी लेखनिकाला सांगितले आणि त्याने लिहिले की नाही हे वाकून पाहिले. पुढे कचऱ्याच्या खोलीत त्यांना एक पिशवी दिसली. गाठ त्यांचीच, पण पिशवी बाजूने फाडून पुन्हा चिकटवलेली. त्या दिवसापासून त्यांनी कोणाला न विचारता परत मधोमध कापायला सुरुवात केली. अंगरखेसुद्धा पाठीपासून गळ्यापर्यंत. या गोष्टीला पंधरा दिवस झाले होते.

हवालदार उठला. टोपी घातली, मोटारसायकल काढली आणि कार्ल्याच्या फाट्यावर जाऊन आला. एकच प्रश्न विचारून आला. माल कधीपासून आला नाही? आबा म्हणाला होता, "पंधरा दिस झालं. टेम्पोवाला म्हनतो, कंपनी बंद पडली."

कंपनी बंद पडली नव्हती. एका बाईने एक दोरी कापायची सोडून पूर्ण मास्क कापायला सुरुवात केली होती.

चोर स्वतःच्या मालाची नासाडी करत नाही, एवढे कळायला मला पोलीस प्रशिक्षणाची गरज नव्हती. तरी ते कळायला मला सकाळपासून दुपार लागली, कारण टंकित कागद माझ्यापुढे होता आणि मी लहानपणापासून छापील कागदावर विश्वास ठेवणारा आहे. बाईंना फक्त कामावरून काढले असते तर त्या बाहेर बोलल्या असत्या. चोरीचा माफीनामा लिहून घेतला की त्या काय बोलतील त्याला किंमत उरली नसती. त्यासाठी पोलीस ठाणे हवे होते. त्यासाठी मी हवा होतो.

टंकित तक्रार बाजूला ठेवून मी बाईंची फिर्याद नोंदवून घेतली. फसवणूक आणि रोग पसरवणारे निष्काळजी कृत्य ही कलमे लावली. ही बातमी बाहेर जायला वेळ लागला नाही. संध्याकाळच्या आत फोन सुरू झाले. एक स्थानिक पुढारी, एक रुग्णालयाचे हितचिंतक, एक माझ्याच खात्यातले वरिष्ठ. सगळ्यांचे म्हणणे एकच होते आणि ते खोटेही नव्हते. साथीत खाटा मिळत नाहीत, अशा वेळी चालू रुग्णालयाला हात लावू नका. मला फोनवर वाद घालता येत नाही. आवाज चढवणाऱ्या माणसापुढे माझी जीभ जड होते, ही माझी जुनी उणीव आहे. पण मला नोंद करता येते. प्रत्येक फोन ठेवला की ठाणे दैनंदिनीत मी वेळ लिहिली, बोलणाऱ्याचे नाव आणि हुद्दा लिहिला, आणि 'तपास थांबविण्याबाबत सूचना केली' असे पूर्ण वाक्य लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकाला हे कळले. माझे नाव का लिहिलेत, असे त्याने चिडून विचारले. आपण फोन केलात म्हणून, असे मी म्हणालो. त्यानंतर फोन आले नाहीत. रुग्णालय चालूच राहिले, खाटाही तेवढ्याच राहिल्या. तपास चालल्याने कुठलाही रुग्ण रस्त्यावर आला नाही.

टेम्पोचा क्रमांक आबाला आठवत नव्हता. त्याला आठवत होता वास. "गुलाबाचा टेम्पो हाय," तो म्हणाला, "लाकडी फळ्यांत अजून पाकळ्या हायत." तळेगावच्या बाजूला गुलाबाची शेडनेट आणि पॉलिहाउस बरीच आहेत. टाळेबंदीत लग्ने आणि समारंभ थांबले आणि त्यांतली काही बंद पडली. बंद पडलेल्यांची यादी करायला अर्धा दिवस लागला. वराळ्याच्या बाहेर, नव्या इमारतींच्या मागे, अशा एका पॉलिहाउसला वीजजोडणी चालू होती. ती हद्द आमची नव्हती. शेजारच्या ठाण्याला लेखी पत्र दिले, त्यांचे दोन कर्मचारी आणि दोन पंच घेतले, आणि दुपारी दोनच्या सुमारास आत गेलो.

आत गुलाब नव्हते. झाडांना आधार द्यायला ताणलेल्या तारा तशाच होत्या आणि त्यांवर मास्क वाळत होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या रंगाच्या रांगा. निळ्या पिंपात साबणाचे पाणी. एका कोपऱ्यात मधोमध कापलेल्या मास्कचा ढीग, कुजत पडलेला. तो पाहून मला पंधरा दिवसांचा हिशेब लागला. शेजारी दोन बायका पाटावर बसून तुटलेल्या दोऱ्यांना गाठी मारत होत्या, ढीग यायचा थांबल्यावर उरलेल्या शेवटच्या टोपलीतल्या. त्यांना सांगितलेले होते की हा सेकंडचा माल आहे. त्यांच्या हातांत हातमोजे नव्हते. आमच्याही नसते, पण निघण्याआधी फिर्यादी बाईंनी हवालदाराला बजावले होते आणि त्याने मुकाट्याने मोजे सोबत घेतले होते. त्या दोन बायकांना त्यानेच पहिल्यांदा हात धुवायला पाण्यापाशी नेले.

टेम्पोवाला तिथेच सापडला. मध्यमवयीन, गोड बोलणारा. मालक कोण, माल कुठून, हे त्याला काही ठाऊक नव्हते. आपण फक्त भाड्याने गाडी चालवतो, असे तो सांगत राहिला. ठाण्यात आणल्यावर दीड तास हेच चालले. आवाज चढवून विचारणारे अधिकारी मी पाहिले आहेत आणि त्यांना उत्तरे मिळतात हेही खरे. मला ते जमले नसते. मी पंचांसमोर जप्त केलेल्या मालातला एक धुतलेला, वाळलेला, गाठ मारलेला मास्क त्याच्यापुढे कागदावर ठेवला.

"तुमचा मास्क काढा आणि हा लावा."

त्याने मास्ककडे पाहिले. "धुतलेला हाय, साहेब."

"मग लावा."

लेखनिक पंखा बंद करायला उठला, त्याला मी हातानेच बसवले. टेम्पोवाला मास्क उचलेना. एकदा त्याने हात पुढे नेला आणि मांडीवर पुसला. आबाची छत्री, फाट्यावरचे लोक, आमचे ठाणे, एवढ्या तोंडांवर त्याने ती वस्तू नेऊन पोचवली होती. स्वतःच्या तोंडापर्यंतचे वीतभर अंतर मात्र त्याला पार होत नव्हते. वीस मिनिटांनी तो रडला नाही की पाया पडला नाही, फक्त म्हणाला, "न्हाई लावनार. शुक्रवारी दुपारी मागचं दार उघडं असायचं. मॅनेजरच उघडायचा."

व्यवस्थापकाला अटक झाली. एकच दोरी कापण्याची सूचना कोणी दिली होती, हे त्याच्याच विभागातल्या दोन कामगारांनी सांगितले. बाकीचा तपास कागदोपत्री होता आणि कंटाळवाणा होता. तो मी इथे लिहीत नाही.

रुग्णालयाने मग बाईंना परत कामावर बोलावले. सोबत पत्र होते: 'गैरसमजातून आपल्याविरुद्ध तक्रार झाली.' त्या पत्र घेऊन माझ्याकडे आल्या. मी म्हणालो, ताई, आता नोकरी परत मिळते आहे, एका शब्दासाठी कशाला अडता? दुसऱ्यांदा मी तेच केले. माणूस एकदा चुकून शिकतो असे म्हणतात ते माझ्याबाबतीत खरे ठरलेले नाही.

त्यांनी मला तेव्हा जे सांगितले ते मी शक्य तितके त्यांच्याच शब्दांत देतो. "साहेब, माझ्या आज्यानं छप्पनला गावची मेलेली ढोरं वढायचं सोडलं. त्याला बी लय जनांनी सांगितलं, कशाला अडतोस. तवापासनं आमच्या घरात घानीचं काम हुकमानं कुनी केलं न्हाई. मी करते ते पगारावर करते आन् नियमानं करते. नियमानं करनाऱ्याला चोर म्हनले, ती खोटी तक्रार हाय. गैरसमज न्हाई. खोटी लिवा म्हनावं, मग येते."

दीड महिना त्या कामाविना घरी होत्या. दीड महिन्यांनी रुग्णालयाने 'खोटी' हा शब्द लिहून दिला. त्या कामावर गेल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी साहित्य मागितले आणि त्यात कात्री लिहिली, कारण त्यांची घरची कात्री आमच्या मुद्देमालात अडकून पडली होती.

खटला उभा राहायला काही वर्षे गेली. उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी त्यांना शिक्षण विचारले. सातवी, त्या म्हणाल्या. मग एवढा नियम तुम्हाला कसा समजला, असे वकिलांनी विचारले आणि मागे पाहून हसले.

"सांगितला तवा ऐकला, साहेब. समजायला तेवढंच लागतं."

व्यवस्थापक आणि टेम्पोवाला, दोघांनाही शिक्षा झाली. त्यांचे अपील वरच्या न्यायालयात आहे, असे ऐकतो. आबाने मास्क विकणे केव्हाच सोडले. फाट्यावर तो पुन्हा कणसे भाजतो आणि मला पाहिले की निवडून कवळे कणीस काढतो. त्याने फसवले नव्हते. त्याने एक शब्द ऐकला होता आणि आम्ही सगळ्यांनी तोच शब्द ऐकला होता. या प्रकरणाने मला काही शिकवले असेल तर ते त्या शब्दाबद्दल. खोट दिसली की आपण तिला नाव शोधतो, आणि नाव सापडले की तिच्याकडे बघायचे थांबतो. सेकंड, गैरसमज, नुसती समज द्या, 'हे लोक'. तोंडावर तिरके बसलेले असे किती शब्द मी नोकरीत निमूट बांधून फिरलो, याची मोजदाद करण्याचे धाडस मला अजून होत नाही. पण साफ सांगतो, आता कोणी ते माझ्या तोंडाला बांधायला आले तर मी बांधून घेणार नाही.

निकालानंतर मुद्देमाल परत देण्याचा आदेश आला. माझ्या सेवेचा तो शेवटचा महिना होता. बाई ठाण्यात आल्या, त्याच कलत्या खुर्चीत बसल्या. कारकुनाने कात्री आणली. पात्यांभोवती सुतळी गुंडाळून लाखेची मोहर लावलेली, वर चिठ्ठी. त्याने पावती पुढे केली आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी नेहमीप्रमाणे एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. बोट थांबले.

पावतीवरचे वर्णन पंचनाम्यातून जसेच्या तसे उतरवले होते, आणि पंचनामा माझ्याच हाताचा होता. त्यात लिहिले होते: 'एक जुनी लोखंडी कात्री, निरुपयोगी.' मुद्देमालाच्या नोंदीत कोणतीही जुनी वस्तू लिहिताना आम्ही तो शब्द न बघता लिहितो.

"ह्यावर सही न्हाई करनार," त्या म्हणाल्या.

त्यांनी कात्री उचलली. मोहर फोडायला कारकून चाकू शोधत होता. त्याची वाट न पाहता त्यांनी अंगठ्याने लाख उकलली, सुतळी सैल करून एक पाते बाहेर काढले, दुसरे ताणले, आणि तीच सुतळी त्याच कात्रीने एका फटक्यात कापली. इतक्या वर्षांनी पात्यांवर गंज होता, पण आवाज स्वच्छ आला.

मी पेन घेतले. पावतीवरच्या 'निरुपयोगी' या शब्दावर रेघ मारली, वर 'चालू स्थितीत' असे लिहिले आणि बाजूला माझी सही केली. मग त्यांनी सही केली.

सुतळीचे दोन तुकडे टेबलावर पडले होते. ते उचलून त्या दाराकडे गेल्या. तिथे आता दोन बादल्या होत्या, एक हिरवी, एक निळी. एक क्षण त्या उभ्या राहिल्या आणि मागे वळून त्यांनी मला विचारले,

"साहेब, ह्यातली सुक्या कचऱ्याची कंची?"

मी खुर्चीतून उठून दाखवली.